मऊ तोंडाची गोळी

बंदुकांच्या दुकानात उभी हयात घालवली असं सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग, किती वाघ मारले?" एकही नाही. वाघ सोडा, ससासुद्धा नाही. चपलांच्या दुकानातला माणूस काय दिवसभर चालत असतो? पण लोकांची फार निराशा होते. परवा नातीच्या सासरकडचे एक गृहस्थ चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तुम्ही नुसतेच विकायचात होय!" नुसतेच! त्या 'नुसतेच'वर मला आज जरा बोलायचं आहे. आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी वीस वर्षं गिळून बसलो होतो. एका भल्या माणसाच्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला. तो मलाच पुसला पाहिजे, दुसरं कोण पुसणार?

मी मूळचा चौक गावाजवळचा. पलटणीत आर्मरर होतो, म्हणजे इतरांनी बिघडवलेल्या बंदुका नीट करून देणारा. सुटलो नाईक म्हणून, पण इथल्या लोकांनी मला परस्पर बढती देऊन 'हवालदार' केलं, तो आजतागायत हवालदारच आहे. त्रेपन्न साली खोपोलीच्या शिळफाट्यावर अब्बासभाईंच्या दुकानात लागलो. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला भजीवाला आणि मध्ये आम्ही. ट्रकवाले चुकून पंक्चर काढायला आमच्याकडे शिरायचे आणि भिंतीवरच्या रायफली बघून हात जोडून मागे सरकायचे.

छप्पन साली आमच्या घराण्यानं धम्म घेतला, आणि माझ्या घरात रोजचा वाद सुरू झाला. आमची शेवंता पंचशील पाठ म्हणायची आणि पहिलं शील आलं की मुद्दाम माझ्याकडे बघून आवाज चढवायची. "प्राण्याला मारायचं नाही म्हणतात, आणि आमचा नवरा गोळ्या विकतो!"

"मी कुठे मारतो? मी विकतो."

"दारूवाला पण हेच म्हणतो," ती म्हणायची. मी डबा उचलायचो आणि कामाला जायचो.

आता धंद्याचं सांगतो. काडतूस आणि गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी डोक्यात घ्या. काडतूस म्हणजे अख्खं: पितळेची नळी, बुडाला टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी फुटते, दारू पेटते आणि पुढे जाते ती फक्त गोळी. रायफलीची गोळी आतून शिशाची. शिसं मऊ, म्हणून त्यावर तांब्याचा अंगरखा चढवतात. हा अंगरखा शेंड्यापर्यंत असला तर ती कडक तोंडाची गोळी. शेंड्याला शिसं उघडं ठेवलं असेल तर ती मऊ तोंडाची. दिसायला फरक तिळाएवढा. पण कडक तोंडाची गोळी आपला आकार सोडत नाही, शिरते आणि सरळ पार निघून जाते. मऊ तोंडाची आत गेली की फुलते आणि सगळा जोर आतच टाकते.

कुठल्या जनावराला कुठली, हे ठरवणं म्हणजे आमचं काम. गव्यासारखं जाड हाडांचं धूड असेल तर कडक. गवा आमच्याकडे नाही, पण दूर दांडेलीकडे जाणारी शौकीन गिऱ्हाइकं असायची. सांबराला मऊ, पण वजनदार. रानडुकरालाही तीच, कारण त्याच्या खांद्यावरची कातडी चांगली बोटभर जाड असते. त्यात आमच्याकडे कारवीचं रान. हलकी, टोकदार गोळी कारवीच्या काठीला नुसती घासली तरी वाट सोडते, म्हणून गोल तोंडाची, जड गोळी बरी. आणि बिबट्याला मऊ तोंडाचीच, दुसरं काही नाही. त्याची कातडी पातळ. त्याला कडक गोळी मारणं म्हणजे गोणपाटात दाभण खुपसणं. आरपार जातं आणि बाहेर काढलं की भोक मिटतं. जनावर मरतं, नाही असं नाही, पण दोन-चार तासांनी. तेवढ्या वेळात ते रागानं आणि वेदनेनं काय करेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

अब्बासभाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, "हवालदार, गोळी गिऱ्हाइकाकडे बघून नाय द्यायची. जनावराकडे बघून द्यायची. जनावर काय दुकानात येत नाय ना? मग त्याच्या बाजूनं आपण बोलायचं." मरायचंच असेल तर ते एका गोळीत, तडफडाट न होता मरावं, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवंताला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचा शेठ अर्धा बौद्ध आहे. उरलेला अर्धा होईल तेव्हा दुकान बंद करेल."

दुकानामागे डोंगराच्या उताराला अब्बासभाईंनी रीतसर परवानगी काढून मातीचा बांध घातला होता. फार हुज्जत घालणारं गिऱ्हाईक आलं की मी तिथे केळीचा खांब रोवायचो. एक कडक गोळी मारायचो. पुढून बोराएवढं भोक, मागून बोराएवढं भोक. मग मऊ तोंडाची. पुढून तेच बोर, आणि मागून परडीएवढं भगदाड, पाणी ठिबकतंय. भलेभले गप्प व्हायचे. भजीवाला मात्र ओरडायचा, "अरं केळी काय फुकट येतात का रं, हवालदार?"

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. मुंबईचे एक नवश्रीमंत आले. नवी कोरी खाकी, नवी टोपी, टोपीवरची किमतीची चिठ्ठी अजून तशीच. म्हणाले, "तुमच्याकडची सगळ्यात मोठी गोळी दाखवा." दाखवली. म्हटलं, "साहेब, पण ही तुमच्या रायफलीत जाणार नाही." तर म्हणतात कसे, "मग नळी थोडी मोठी करून द्या की!"

आणि खालापूरकडचे एक शेतकरी. पिकाच्या राखणीसाठी बारा बोरची बंदूक होती त्यांच्याकडे. दर पावसाळ्यानंतर काडतुसं फुटत नाहीत म्हणून तक्रार घेऊन यायचे. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींना घाम फुटतो, काडतुसं दमटणारच. म्हटलं, "ठेवता कुठे?" म्हणाले, "ठिवतो तांदळाच्या कणगीत, पन घरधनीन मधनं मधनं उन्हात घालती. पापडांच्या बाजूला." मी खुर्चीवरून उडालो. तर हे शांतपणे सांगतात, "मंग काय झालं? पापड बी दमट, काडतूस बी दमट." पुढच्या खेपेला माझ्यासाठी पापड घेऊन आले. एका पापडावर काडतुसाच्या बुडाचा गोल शिक्का उठला होता. शेवंतानं तो तळला नाही, पाव्हण्यांना दाखवायला ठेवला.

असं हसत-खेळत चाललं होतं. मग चौसष्ट-पासष्टच्या सुमारास विलायती माल येणं जवळजवळ थांबलं. जुन्या जर्मन रायफलींची काडतुसं तर देव भेटावा तशी भेटायची. कडक तोंडाची थोडीफार होती. मऊ तोंडाचं एकच पाकीट उरलं होतं, आणि ते मी मुंबईच्या एका साहेबांसाठी कपाटात मागे सारून ठेवलं होतं. हे साहेब वर्षातून दोनदा यायचे. खरं सांगायचं तर शिकारी म्हणून यथातथाच. पण ते दुकानात आले की आधी माझ्याशी हस्तांदोलन करायचे, मला 'हवालदारसाहेब' म्हणायचे आणि आपल्या शेजारी खुर्चीवर बसवायचे. माझ्यासारख्याला तोवर कुणी असं शेजारी बसवलं नव्हतं. त्या हस्तांदोलनाची मला चटक लागली होती, दुसरा शब्द नाही.

अशात फाल्गुनातल्या एका दुपारी राघो पाटील आले. कर्जतकडच्या कोंडाणे लेण्यांच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची जर्मन रायफल होती, आणि नेम असा की आसपासच्या दहा गावांत कुठे डुक्कर माजलं की यांनाच बोलावणं. सोबत आदिवासी वाडीवरचा चांगू ठाकर होता. चांगू म्हणजे माग काढणारा. ओल्या मातीतलं पाऊल बघून जनावर नर की मादी, भुकेलेलं की पोट भरलेलं, सगळं सांगायचा. तो पायरीवरच बसला. पाटील आत आले, आमच्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं आणि प्यायले.

"हवालदार, बिबट्या लई माजलाय. आठ दिसांत तीन वासरं नेली. परवा तर म्हातारीच्या खाटंखालनं शेळी वढून नेली. बाया पान्याला जायला भितात. उद्या सकाळी हाका घालतोय, रान उठवतोय. मऊ तोंडाच्या दहा द्या."

मी म्हटलं, "नाहीत."

"बगा जरा कपाटात."

"बघायचं काय त्यात? मालच येत नाही. कडक आहेत, त्या देतो."

पाटलांनी चांगूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बिबट्याला कडक चालंल का हो? तुमी जानकार, तुमी सांगा."

इथे मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "नेम चांगला असला की कुठलीही चालते, पाटील."

का म्हणालो? अब्बासभाई त्या दिवशी मुंबईला गेले होते, ते असते तर त्यांनी माझा कान पिळला असता. साहेबांचं पाकीट जपायचं होतं हे एक. पण तेवढंच नाही. हंगामात मजुरीला गेला की पाटलांच्या वडिलांच्या दारात माझा बाप खाली वाकून उभा राहायचा, आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. मी ते लहानपणी पाहिलं होतं. राघो पाटलांनी मला जन्मात कधी 'अरे' म्हटलं नाही, आमच्या माठातलं पाणी ते नेहमी पीत. तरी त्या क्षणी मला वाटलं, आज तुम्ही मागा आणि मी नाही म्हणतो. गिऱ्हाइकाकडे बघून गोळी दिली मी. बापाचा हिशेब मुलाकडे मागितला, आणि तोही चोरून.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास पाटलांचा चुलतभाऊ भिवा एका ट्रकमधून उडी मारूनच दुकानात आला. धापा टाकत म्हणाला, "हवालदार, घात झाला. दादाची गोळी चुकली! जनावर उलटून आलं आनि चांगूला धरलं. हात फाडला पार. आनि आता नाल्यात बसलंय, दिसंना. त्याच नाल्यावरनं बायांची पान्याची वाट हाय. दादानं काडतुसं मागितल्यात, पिशवी झटापटीत नाल्यात पडली, दोनच उरल्यात."

राघो पाटलांची गोळी चुकत नसते. मी कपाट उघडलं आणि साहेबांचं पाकीट काढलं. दुकानाला कुलूप लावलं आणि भिवाबरोबर त्याच ट्रकनं कर्जतला आणि तिथून पुढे सायकलवर डबलसीट निघालो. वाटेत बैलगाडी लागली. गाडीत चांगू, उजव्या हाताला कुणाचं तरी मुंडासं गुंडाळलेलं, ते पार भिजलेलं. त्याला कर्जतच्या दवाखान्यात नेत होते. मी थांबलो. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे. काही बोलला नाही. तोंड कोरडं पडलं होतं त्याचं, मला वाटलं बोलवतच नसेल.

नाल्याशी पोचलो तर हाकेवाले सगळे झाडांवर, आणि पाटील एकटेच वाट अडवून उभे. चेहरा राखेसारखा. पाकीट हातात घेऊन त्यांनी मऊ तोंडाची गोळी बघितली.

"कुठनं आनली हो?"

"आत्ताच आली. मुंबईहून."

दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्यांनी विश्वास ठेवला, उलट म्हणाले, "उपकार झाले." मी म्हटलं, मी येतो बरोबर. कोयता घेतला आणि त्यांच्या मागे खाली उतरलो. फुशारकी म्हणून सांगत नाही. पण त्या वेळी वर थांबणं त्याहून अवघड होतं. बिबट्या एका धोंड्याआड होता. आम्हाला बघून उठला, पण उठतानाच त्याचं मागचं अंग खचलं. पाटलांनी गोळी घातली आणि तो जागच्या जागी आडवा झाला.

जनावर चावडीसमोर आणलं. गाव लोटलं होतं. सोलायच्या आधी मी त्याच्या अंगावरून हात फिरवला. आर्मररची बोटं, न बघता भोक शोधतात. डाव्या खांद्याच्या मागे, जिथे असायला हवं बरोबर तिथेच, केसांखाली बोराएवढं भोक होतं. जवळजवळ मिटलेलं. काळ्या ठिपक्यांत आणखी एक ठिपका, कुणाला दिसणार? पलीकडच्या बाजूला तसंच दुसरं. सकाळची गोळी चुकली नव्हती. काळजाच्या किंचित वरून आरपार गेली होती. मऊ तोंडाची असती तर जनावर दोन पावलं टाकून पडलं असतं आणि चांगूचा हात शाबूत राहिला असता.

माझं बोट त्या भोकावरच होतं. तेवढ्यात भिवा गर्दीला उद्देशून मोठ्यानं म्हणाला, "दादाची पयली ढगात गेली, दुसरी तेवढी वाघाला लागली!" माणसं खदाखदा हसली. भीती सरल्यावर माणूस हसतोच, त्यांचा काही दोष नाही. पाटील हळूच म्हणाले, "मला वाटलं लागली." त्यावर आणखी हसू फुटलं.

मी बोट काढून घेतलं.

दुसरी गोळी त्याच बाजूनं लागली होती, आत सगळ्या चिंधड्या झालेल्या. सोलणाऱ्यालाही वेगळं काही कळलं नाही.

चांगू वाचला, पण हात कोपरापासून काढावा लागला. पाटलांनी त्या दिवसापासून त्याचं घर आपलं मानलं. भात झोडला की पहिली गोण चांगूच्या दारात जायची. माझ्या चुकीचं ओझं ते असं वाहत राहिले. आणि गावाला एक म्हण मिळाली. कुणाची एसटी सुटली, कुणाचं लग्न मोडलं, पोरांचा विटीला टोला बसला नाही, की 'पाटलाचा नेम' म्हणायचं. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी म्हणालं. पाटलांनी रायफल सरकारजमा केली. जमा करण्याआधी तेल-पाणी करायला माझ्याकडे आले होते. म्हणाले, "हवालदार, तुमी सांगितलं व्हतं, नेम चांगला असला की चालती. माजाच चांगला नव्हता."

तेव्हा सांगायला हवं होतं. दुकानात आम्ही दोघंच होतो. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण नोकरी जाईल, अब्बासभाईंचा परवाना अडचणीत येईल, असे शंभर विचार आले आणि मी म्हणालो, "चालायचंच, पाटील." चालायचंच! लाज वाटते लिहिताना.

ते मुंबईचे साहेब दोन महिन्यांनी आले. पाकिटाबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही, विसरूनच गेले होते. बंदुकीच्या तेलाची एक बाटली घेतली, हस्तांदोलन केलं आणि गेले. त्या दिवशी मी घरी येऊन हात धुतला.

बहात्तर साली शिकारीवर बंदी आली. अब्बासभाईंच्या मुलांनी दुकानात ट्रकचे स्पेअर पार्ट भरले आणि मी पिस्टन रिंगा विकू लागलो. शेवंता म्हणाली, "सुटलात एकदाचे." मी सुटलो नव्हतो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याचं त्याला सांगा." हे सांगायलाही मला पुढे कितीतरी वर्षं लागली. तोवर राघो पाटील वारले.

तीन वर्षांपूर्वी मी चांगूच्या वाडीवर गेलो. तो अंगणात गवताचा भारा बांधत होता. दोरीचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यानं दोरी तोंडातून काढली. "मला ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"अरं, माग काढनारा मानूस मी. पाटलानं मऊ गोळी मागितली तवा तुजी नजर आधी कपाटाकडं गेली, आनि मंग तू नाय म्हनलास. आनि दुसऱ्या दिशी पाकीट घेऊन आलास."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस, रं?"

"ठाकराचं ऐकलं कोनी असतं? आनि मला वाटलं, तू सांगशील. नाल्यात उतरलास म्हनं पाटलाबरूबर. म्हनलं, मानूस वाईट नाय, सांगंल आज ना उद्या. वाट बगत ऱ्हायलो."

मी रडलो. सत्तरीच्या घरातला माणूस, त्याच्या अंगणात बसून ओक्साबोक्शी रडलो. त्यानं रडू दिलं. मग म्हणाला, "माज्या हाताचं मी कवाच सोडलं. पन पाटलाचं सोडायला मी कोन? तिकडं जा."

"ते तर गेले रे."

"पाटलीनबाई हायेत."

ते ऐकूनही मी लगेच गेलो नाही. तेवढं धाडस नव्हतं. आधी इथवरचं सगळं लिहून काढलं, कारण तोंडानं सांगताना मी पळवाट काढणार हे मला माहीत होतं. मागच्या महिन्यात हे कागद घेऊन पाटलीणबाईंकडे गेलो. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी वाचत गेलो. त्यांचा हात सुपात थांबला, तो थांबलाच. माझं वाचून झालं तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मला बी म्हनायचे," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दुखन्यात बी म्हनले, 'मला लागल्यासारखी वाटली गं.' आनि मी काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, जाऊ द्या आता, किती दिस तेच तेच. मी बी त्यांचं खरं मानलं नाय, हवालदार."

मी म्हटलं, "तुमचा काय दोष? दोष माझा आहे. काय शिक्षा द्याल ती द्या."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "मला इथं ओटीवर वाचून दावलंस, त्याचं काय करू? हसले ते चावडीवर. तिथं वाच."

गेल्या रविवारी सकाळी चावडीसमोर पन्नासेक माणसं जमली. निम्म्यांचा तर त्या वेळी जन्मही झाला नव्हता, पण 'पाटलाचा नेम' सगळ्यांना पाठ. पाटलीणबाई पुढे बसल्या, शेजारी चांगू. मी उभं राहून वाचलं. मध्ये दोनदा पाणी प्यायलो. वाचून संपलं. मग भिवा काठी टेकत उभा राहिला. तोही आता म्हातारा झालाय. म्हणाला, "वैनी, पयली ढगात गेली म्हननारा मीच."

"ठावं हाय. बस खाली," पाटलीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मागं उभं ऱ्हायलेल्यांना नीट ऐकू गेलं नाय. त्यो गोळीचा भाग पुन्यांदा वाच. मोठ्यानं."

मी पान उलटलं, घसा खाकरला आणि पलटणीतल्या आवाजात पुन्हा वाचलं: सकाळची गोळी चुकली नव्हती.